पाटोद्याच्या माळावरचा बर्फ

सप्टेंबर महिन्यातील ती सकाळ होती. आदल्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन पार पडले होते. सुट्टीमुळे तुंबलेली कामे मनात जुळवीत मी चहा घेत होतो, तेवढ्यात फोनवर यंत्रणेचा संदेश आला. पाटोदा तालुक्यातील पठारावर उभ्या असलेल्या आमच्या एका पवनचक्कीच्या ‘ब’ पात्यावर बर्फ साचला आहे, सबब यंत्र थांबवावे, असा त्याचा मजकूर होता. बीडमधील माझ्या घराच्या ओसरीवर त्या वेळी 25 अंश तापमान होते आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या उडदावरचे प्लास्टिक काढावे की राहू द्यावे, याची चर्चा चालू होती.

हा संदेश पहिला नव्हता. नऊ दिवसांत तो चौथ्यांदा आला होता. आधीच्या तिन्ही वेळी ‘खोटा इशारा’ असा शेरा मारून तो बंद करण्यात आला होता आणि त्यांतील पहिला शेरा माझा होता, हे आधीच सांगून टाकतो. साइटच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी बर्फाच्या गोळ्याचे छायाचित्र टाकून ‘काला खट्टा की ऑरेंज’ असे विचारले होते आणि त्यावर मीही हसलो होतो. चौथ्या वेळी मात्र बोट शेऱ्याच्या चौकटीवर नेण्यापूर्वी मी इशाऱ्यामागचा मूळ आलेख उघडून पाहिला. हे काम मी नऊ दिवसांपूर्वीच करायला हवे होते.

बीड जिल्ह्यातील यंत्रावर बर्फ ओळखणारी यंत्रणा मुळात आलीच कशी, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. या यंत्राच्या तिन्ही पात्यांच्या पोटात, मुळापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, त्वरण मोजणारे छोटे संवेदक चिकटवलेले आहेत. आम्ही ते बर्फासाठी बसवलेले नव्हते. बालाघाटच्या पठारावर पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. वीज पडून पात्याला आतून तडा गेला तर तो खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, पण तडा गेलेले पाते वेगळ्या तालावर थरथरते. तो ताल ऐकता यावा म्हणून मालकांनी जूनमध्ये मोजक्या यंत्रांवर ही यंत्रणा प्रायोगिक म्हणून लावली होती. यंत्रणा घडली होती मात्र थंड प्रदेशांसाठी, आणि तेथे तिचे पहिले काम बर्फ ओळखण्याचे असते. तडे शोधण्याची विद्या तिला नंतर शिकवली गेली. आम्ही तडे शोधणारा भाग चालू केला, पण बर्फाचा भाग बंद करण्याचे कोणाला सुचले नाही, कारण तो कधी बोलेल असे कोणालाच वाटले नव्हते.

मी हे शास्त्र शिकलो ते पुण्यातील एका नियंत्रण कक्षात. तेथे तीन हिवाळे मी रात्रपाळीत बसून उत्तर स्वीडनमधील यंत्रे पडद्यावर पाहिली. डिसेंबरमध्ये तेथे दिवस नावापुरताच उगवतो. टेकडीवर ढग उतरतो, त्यातील बारीक थेंब शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहिलेले असतात आणि कशावर तरी आदळले की तत्क्षणी गोठतात. पात्याचे टोक सेकंदाला 70 ते 80 मीटर वेगाने फिरत असते, त्यामुळे सर्वांत जास्त थेंब त्याच्याच वाट्याला येतात आणि बर्फ प्रामुख्याने टोकाकडच्या भागात, तोही वाऱ्याला कापत जाणाऱ्या पुढच्या कडेवर धरतो. कधी तो पांढरा, खरबरीत आणि भुसभुशीत असतो, तर कधी काचेसारखा पारदर्शक आणि घट्ट. घनतेचा फरक एवढा मोठा असतो की भुसभुशीत थराचे वजन घनमीटरला 200 किलो भरू शकते, तर काचेसारख्या थराचे 900. म्हणूनच ‘किती जाड थर आहे’ हा प्रश्न अर्धवट असतो. ‘किती वजन आहे’ हे त्यासोबत विचारावे लागते.

हे वजन मोजणे सोपे नाही. हवामानाच्या कामासाठी आयएसओ 12494 या मानकात एक साधे साधन सांगितलेले आहे. 30 मिलिमीटर व्यासाचा आणि किमान अर्धा मीटर लांबीचा गुळगुळीत दंड उभा ठेवायचा, तो स्वतःभोवती मोकळा फिरू द्यायचा आणि त्यावर साचलेला बर्फ तोलायचा. मला ही पद्धत तिच्या भाबडेपणामुळे फार आवडते. पण तो दंड जागेवर उभा असतो आणि पाते आकाशात घिरट्या घालत असते, त्यामुळे एकाच्या मापावरून दुसऱ्याचे वजन थेट सांगता येत नाही. यंत्राच्या माथ्यावरच्या खोलीवर, जिला आम्ही नॅसेल म्हणतो, बर्फ ओळखणारी कांडी बसवली, तरी तिचीही अडचण तीच आहे. ढगाची खालची कड नॅसेलच्या वर राहिली तर पाते दर फेरीला ढगात डोके खुपसून येते आणि कांडी कोरडीच राहते. दोन वायुवेगमापक शेजारी ठेवून त्यांतील एकालाच उष्णता द्यायची आणि दुसऱ्याचे वाचन कमी पडू लागले की बर्फ धरला असे समजायचे, हीसुद्धा जुनी युक्ती आहे. कॅमेरा लावता येतो, पण त्याच्या काचेवरही बर्फ धरतोच. वीजनिर्मितीवरून अंदाज बांधणे सर्वांत स्वस्त पडते, कारण त्यासाठी नवे काहीच बसवावे लागत नाही. तापमान शून्याखाली असताना त्या वाऱ्याला जेवढी वीज निघायला हवी त्यापेक्षा बरीच कमी निघत राहिली की पात्याचा आकार बिघडला आहे, असे मानायचे. मात्र बर्फ साचून बराच वेळ गेल्यावर ही पद्धत बोलू लागते.

पात्याच्या तालावरून वजन ओळखण्याची पद्धत या सगळ्यांत सरळ आहे. काठीचे एक टोक हातात धरून ती हलवली तर ती स्वतःच्या तालावर डोलते आणि दुसऱ्या टोकाला ओला पंचा बांधला की तोच ताल संथ होतो. पात्याचेही तसेच आहे. वजन वाढले की नैसर्गिक वारंवारता वर्गमूळाच्या प्रमाणात घटते, आणि टोकाशी वाढलेले किलोभर वजन जेवढे जाणवते तेवढे मुळाशी वाढलेले शंभर किलोही जाणवत नाही. स्वीडनमध्ये हा आकडा मर्यादेबाहेर गेला की यंत्र थांबवले जाई, कारण फिरत्या पात्यावरून सुटलेला बर्फाचा तुकडा दूर जाऊन पडतो. युरोपात त्यासाठी एक ढोबळ सूत्र वापरतात. चक्राचा व्यास आणि मनोऱ्याची उंची यांच्या बेरजेची दीडपट केली की जपून राहण्याचे अंतर मिळते. व्यास 100 मीटर आणि उंचीही 100 मीटर असेल तर ते अंतर 300 मीटर भरते. आमच्या पाटोद्याच्या यंत्राखाली तेवढ्या अंतरात दोन शेळ्यांचे कळप, एक सोयाबीनचे शेत आणि राखणदार मामांची खोली येते.

तर त्या सकाळी मी आलेख उघडला. ‘ब’ पात्याची वारंवारता जूनमध्ये टिपलेल्या मूळ मापापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी खाली होती. दोन टक्के हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण या कामात तो मोठा असतो. घट एका दिवसात झालेली नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पठारावर जोराचा पाऊस झाला, त्यानंतर ती पायऱ्या उतरल्यासारखी दोन-तीन टप्प्यांत आली होती.

पहिला संशय मी उष्णतेवर घेतला. पाते काचतंतू आणि रेझिनचे असते. ते तापले की किंचित मऊ पडते आणि ताल घटतो. पण उष्णता तिन्ही पात्यांना सारखीच लागते आणि ‘अ’ व ‘क’ ही पाती आपापल्या जागी स्थिर होती. बर्फालाही हाच न्याय लागू पडतो, कारण तिन्ही पाती एकाच ढगातून फिरतात. एका पात्यावरचा थर गळून पडला तर फरक दिसतो, पण फक्त एकाच पात्यावर टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा बर्फ मी तीन हिवाळ्यांत पाहिलेला नव्हता. मग तडा असेल का? तडा गेला तर पाते कमजोर होते आणि त्यानेही वारंवारता घटते, त्यामुळे ही शक्यता मनातून जाईना. वीजनिर्मिती मात्र अगदी बरोबर होती. त्या वाऱ्याला जेवढे युनिट निघायला हवेत तेवढे निघत होते, म्हणजे पात्याचा बाहेरचा आकार शाबूत होता. नॅसेलचे डावे-उजवे डोलणे दर फेरीला एकदा थोडे वाढले होते, पण धोक्याच्या रेषेपासून ते दूर असल्यामुळे त्याचा वेगळा इशारा आलेला नव्हता.

मी गाडी काढली. मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना पठार पसरत जाते. त्या दिवशी सकाळचा वारा मंद होता आणि निम्मी यंत्रे स्वस्थ उभी होती. आमच्या यंत्राशी पोहोचलो तेव्हा मामा फाटकाशीच उभे होते. बर्फाचा इशारा आल्याचे त्यांना आधीच कळले होते, कारण साइटवरची गंमत त्यांच्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

“बरफ न्हाई साहेब,” ते म्हणाले. “गारा म्हणत असाल तर त्या म्या पाहिल्यात. 2014 ला अख्खा माळ पांढरा झाला हुता, ज्वारी झोपली, पाखरं मेली. पर हे तसलं न्हाई. मशीन बंद पडायला आलं ना, की वरून घागर हिंदकळल्यागत आवाज यायलाय. आठ-धा दिस झालं. तुमच्या पोरायला सांगितलं तर म्हणले, मामा, गिअरबॉक्सचं तेल असंल.”

“रोज येतो का आवाज?”

“वारं पडल्यावरच. जोरात फिरायलंय तवर काईच न्हाई. मपल्या कानानं ऐकलंय, खोटं कशाला सांगू.”

मामांच्या या दोन वाक्यांत सगळे उत्तर होते. पात्याच्या पोटात पाणी होते. यंत्र वेगाने फिरत असताना टोकाकडच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या अकरा-बारा पट जोर बाहेरच्या दिशेने लागतो, त्यामुळे पाणी टोकाशी दगडासारखे चिकटून राहते आणि आवाज होत नाही. वारा पडून चक्र संथ झाले की पाते वर जाताना तेच पाणी मुळाकडे घरंगळते, खाली येताना पुन्हा टोकाकडे धावते आणि त्याचीच खळखळ मामांना रात्री ऐकू येत होती. पात्याच्या टोकाशी पाणी निथळण्यासाठी बारीक भोक ठेवलेले असते. ते बुजले असणार, हे तेथेच उभ्याउभ्या माझ्या लक्षात आले. तरीही नुसत्या तर्कावर यंत्र थांबवून ठेवता येत नाही, आणि तड्याची शक्यता अजून खोडली गेलेली नव्हती.

सुदैवाने तडा, बर्फ आणि पाणी यांच्यात एक असा फरक आहे जो तपासता येतो. पाणी जागा बदलते. पाते सरळ वर उभे केले तर पाणी मुळाशी येईल, तेथे त्याचे वजन जाणवणार नाही आणि ताल पूर्ववत होईल. पाते सरळ खाली लोंबत ठेवले तर पाणी टोकाशी जाईल आणि ताल पुन्हा घटेल. तडा किंवा बर्फ असता तर पाते वर असो की खाली, घट कायम राहिली असती.

पुण्याच्या नियंत्रण कक्षातून परवानगी मिळवण्यात अर्धा तास गेला. पाळीवर असलेल्या गृहस्थांना दुपारच्या वाऱ्याचा अंदाज दिसत होता आणि सहा तास यंत्र बंद ठेवणे म्हणजे चार हजारांच्या आसपास युनिट सोडणे होते. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. “सर, बीडमध्ये बर्फ असल्याच्या कारणावरून मी स्टॉप कसा लिहू?” असे त्यांनी मला विचारले तेव्हा माझ्याकडेही सभ्य उत्तर नव्हते. शेवटी मी त्यांना विजेचे सांगितले. पात्याच्या टोकावरच्या धातूच्या तुकड्यावर वीज पडली की तिने आतल्या तारेतून मुळाकडे, तेथून मनोऱ्यात आणि मग जमिनीत जावे, अशी व्यवस्था असते. आत पाणी असेल तर प्रवाह त्यातूनही वाट काढतो. त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि कोंडलेली वाफ पात्याचे कवच आतून फोडते. दुपारनंतर गडगडाटी पावसाचा इशारा होता. ‘स्टॉप’ मंजूर झाला, कारणाच्या रकान्यात ‘तपासणी’ असे लिहून.

आमचे दोन तंत्रज्ञ वर चढले. वाऱ्याच्या झुळकीवर चक्र हळूहळू फिरवीत, हवे ते पाते हव्या त्या जागी आणून त्यांनी चक्राला कुलूप लावायचे आणि मी खाली गाडीत लॅपटॉपवर प्रत्येक स्थितीतील वीस-वीस मिनिटांचे थरथरणे टिपायचे, असे ठरले. मंद वाऱ्यात पाते जेमतेम हलते, त्यामुळे घाई करून चालत नाही. प्रथम आम्ही धड असलेले ‘अ’ पाते घेतले. ते वर उभे असताना वारंवारता 0.917 हर्ट्झ आली आणि खाली लोंबत असताना 0.923. हा बारीक फरक अपेक्षितच होता. वर उभ्या पात्याला त्याचे स्वतःचेच वजन किंचित सैल करते आणि खाली लोंबणाऱ्या पात्याला तेच वजन लंबकासारखे ताठ ठेवते. नंतर ‘ब’ पाते वर नेले. आकडा आला 0.916. म्हणजे पाते निरोगी पात्यासारखेच वागत होते, याचा अर्थ त्याची ताकद कमी झालेली नव्हती आणि तडा असलाच तर तो मोठा नव्हता. मग ‘ब’ खाली आणले. वरच्या तंत्रज्ञाने रेडिओवरून सांगितले की, पाते आडवे ओलांडून खाली येत असताना नॅसेलमध्ये उभ्या असलेल्या त्याला नळ सोडल्यासारखा आवाज ऐकू आला. खाली आकडा 0.923 च्या जवळ यायला हवा होता. तो 0.903 आला.

मी तो आकडा वहीत लिहिला आणि हिशोब मांडला. दोन वारंवारतांच्या गुणोत्तराचा वर्ग 1.045 येतो, म्हणजे थरथरण्यात भाग घेणारे वजन साडेचार टक्क्यांनी वाढलेले होते. पाते टनावारी वजनाचे असले तरी पहिल्या तालात टोकाच्या हिशोबाने त्याचे परिणामकारक वजन फार कमी भरते. आमच्या पात्याचे ते 470 किलोच्या आसपास आहे. त्याचे साडेचार टक्के म्हणजे 21 किलो. पाणी अगदी टोकाला न साचता मीटर-दीड मीटर आत साचले असेल तर थोडे अधिक. चक्राच्या नेहमीच्या गतीला एवढे पाणी एका पात्यात असेल तर दर फेरीला सुमारे अडीचशे किलो वजनाइतका एकतर्फी ओढा बसतो, आणि नॅसेलचे वाढलेले डोलणे त्याच्याशी जुळत होते.

दोरीवर काम करणारे पथक शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या यंत्रांच्या पात्यांच्या कडा दुरुस्त करत होते. ते साडेअकराला पोहोचले. त्यांच्यातला मुख्य मुलगा वाशी तालुक्यातला होता, वयाने विशीतलाच. त्याने आकाशाकडे पाहिले, वाऱ्याचे माप विचारले आणि म्हणाला, “सर, दोन वाजेपर्यंत मी तुमचा. दक्षिणेला ढगानं डोकं वर काढलं की मी दोरीवर नसणार.” ही अट मला मान्य होती. खरे तर ती त्यानेच घातली, याचे मला बरे वाटले.

लोंबत्या पात्याच्या टोकाशी, जमिनीपासून साधारण 42 मीटरवर, तो पोहोचला तेव्हा एक वाजत आला होता. भोक बोटाच्या टोकाहून लहान होते आणि ते गोंदाचे वाळलेले कण व धूळ यांनी असे बसले होते की वरवर पाहता भोक आहे हेच कळू नये. त्याने तार घालून ते मोकळे केले आणि पुढच्याच क्षणी आम्ही खालून पाण्याची धार वाऱ्यावर फाकलेली पाहिली. तो नखशिखांत भिजला. रेडिओवर त्याने जे उद्गार काढले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. पाणी काळपट होते आणि त्याला रेझिनचा उग्र वास होता, हे त्याच्या सदऱ्यावरून आम्हाला नंतर कळले. पहिला मिनिटभर गेल्यावर त्याने बादली धारेखाली धरली. ती दोनदा भरून खाली सोडली गेली, आणि मग धार थेंबांवर आली.

आकडा मिळावा म्हणून पाणी तोलायचे होते. मामांनी खोलीतून ताणकाटा आणला. शेवग्याच्या शेंगा तोलायला ठेवलेला तो काटा होता आणि त्याची सुई सुरुवातीलाच पाव किलो पुढे उभी होती. तेवढे वजा करून, बादलीचे वजन काढून, दोन्ही खेपांचे मिळून साडेअठरा किलो भरले. पहिल्या मिनिटात वाऱ्यावर किती गेले ते कोणी मोजलेले नाही. मुलाच्या मते तीन-चार लिटर तरी असावे, पण भिजलेल्या माणसाचा अंदाज थोडा वाढीव असतो. आमच्या 21 किलोच्या हिशोबाला हे पुरेसे जवळ होते. मामा त्या काळ्या पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिले. “उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर येतोय आन् हितं वर पाणी लपून बसलंय,” एवढेच ते म्हणाले.

उतरतानाच मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली. पात्याच्या मागच्या धारेवर, टोकापासून चारेक मीटरवर, वीतभर लांबीची फट उकललेली होती. जोडातील गोंद सुटला होता, कवचाला धक्का नव्हता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पावसात वीजवाहिनी बंद असल्यामुळे यंत्र दोन-तीनदा तासन्‌तास थांबले होते. नोंदी पाहिल्यावर कळले की त्या वेळी हेच पाते आभाळाकडे तोंड करून उभे होते. आलेखातील पायऱ्या आणि त्या नोंदींच्या तारखा एकमेकींशी जुळल्या.

एक कोडे उरले होते. बर्फाचा इशारा देण्यापूर्वी ही यंत्रणा बाहेरचे तापमान पाहते आणि उष्ण हवेत गप्प बसते. मग ती 25 अंशांत कशी बोलली? तंत्रज्ञ नॅसेलमधून उतरण्यापूर्वी मी त्यांना तापमानाच्या संवेदकाची तार पाहायला सांगितले. ऑगस्टमधील देखभालीत तिचा कनेक्टर निघून बाजूला लोंबत राहिला होता. तापमानाचे वाचन न मिळाल्यास हवा गोठणबिंदूला आहे असे समजून चालावे, असे त्या यंत्रणेत ठरवून ठेवलेले आहे. थंड प्रदेशात हा सावधपणा योग्यच ठरतो. आमच्याकडे त्याचा परिणाम उलटा, म्हणजे चांगला झाला. तार जागेवर असती तर बर्फाचा इशारा दाबला गेला असता. डोलणे मर्यादेच्या आत होते, तड्याचा भाग यापेक्षा मोठ्या घटीवर बोलण्यासाठी बसवलेला होता, आणि 20 लिटरहून अधिक पाणी घेऊन ते पाते परतीच्या पावसात फिरत राहिले असते. कोणीतरी निष्काळजीपणे सोडलेल्या एका तारेमुळे आम्हाला दुसरा दोष दिसला. यावर देखभालीच्या लोकांना रागवावे की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

यंत्रणेने मोजले होते वजन आणि त्या वजनाला तिला माहीत असलेले एकच नाव तिने दिले होते. आम्ही नऊ दिवस त्या नावावर हसत राहिलो आणि मोजमाप पाहिलेच नाही. ज्यांनी आवाज ऐकला होता त्यांच्याकडे मोजमाप नव्हते, पण नाव बरोबर होते.

दोन वाजण्यापूर्वी दोरीवरची माणसे खाली आली. फटीवर तात्पुरती पट्टी मारली गेली होती. पक्की दुरुस्ती पाते आतून वाळल्याशिवाय करता येत नाही, म्हणून ‘ब’ पाते खालीच ठेवून यंत्र बंद ठेवायचे ठरले आणि या वेळी पुण्याहून कोणी वाद घातला नाही. सौताड्याच्या बाजूने साडेचारला ढग आले. आम्ही गाडीत काचा लावून बसलो, मामा खोलीत गेले, शेळ्या कधीच निघून गेल्या होत्या. वीज पलीकडच्या डोंगरावर पडली. आमच्या यंत्राच्या वीज-नोंदणीचा आकडा हलला नाही, त्यामुळे पाणी आत राहिले असते तर काय झाले असते, हे मला त्या दिवसावरून सांगता येणार नाही.

रात्री घरी आल्यावर इशारा बंद करायचा राहिला होता. मी तो उघडला. बंद करण्याचे कारण दिलेल्या यादीतूनच निवडावे लागते आणि यादीत तीनच पर्याय होते: खोटा इशारा, बर्फ गळून पडला, बर्फ वितळला. पहिला पर्याय या प्रकरणात तीनदा वापरून झाला होता. मी तिसरा निवडला आणि शेऱ्याच्या चौकटीत लिहिले, ‘साडेअठरा किलो, ताणकाट्यावर.’